ग्रामीण क्रीडागुणांची पारख व शासकीय साहाय्य



ग्रामीण खेळाडूंना शासन कोणते साहाय्य देते असे विचारले, तर बहुतेकांना आठवते ते पदक मिळाल्यानंतरचे बक्षीस. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो त्याआधीच्या साहाय्याचा. कारण त्याचे दार प्राथमिक शाळेतून उघडते, आणि पुष्कळदा तेथेच बंद राहते.

कराडनजीकच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या प्रवासखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे सर्वश्रुत आहे. पदक घेऊन आलेल्या या मल्लाने पुढे कर्जफेडीसाठी कुस्त्यांचे फड भरविले. गुणी खेळाडूचे भवितव्य एखाद्या उदार शिक्षकाच्या घरावर अवलंबून असावे, ही गोष्ट शिक्षकास भूषणावह असली तरी व्यवस्थेस खचितच नव्हे.

त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास ७२ वर्षे लागली. २०२४ साली पॅरिस येथे रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे. त्यांचे वडील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. त्यांनी २००९ साली मुलास राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तेथे वर्षभर सर्वांगीण शारीरिक तयारी झाल्यावर मुलाने नेमबाजी हा खेळ निवडला. रायफल हे महागडे साधन. कांबळवाडीच्या मुलाच्या हाती ते सहजी आले नसते. येथे वडील स्वतः शिक्षक असल्याने योजनेची वार्ता घरात पोहोचली. ज्या घरात ती पोहोचत नाही, त्या घरचा मुलगा आपल्या वर्गात बसलेला आहे.

क्रीडा प्रबोधिनी म्हणजे निवास, भोजन, शिक्षण व प्रशिक्षण यांची एकत्र सोय. कोवळ्या वयाची, साधारणतः ८ ते १४ वर्षांची मुले शारीरिक चाचण्यांतून निवडली जातात. उंची व वजन यांखेरीज ३० मीटर धाव, १० मीटरचे सहा फेरे, ८०० मीटर धाव, जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉलची फेक आणि वाकून पाहावयाची लवचिकता, असे त्यांचे स्वरूप असते. यांतील बहुतेक चाचण्यांस चुन्याची रेघ, मोजपट्टी व वेळ मोजावयाचे घड्याळ एवढेच पुरते. तेव्हा वेळापत्रकातील शारीरिक शिक्षणाचा तास गणिताचा राहिलेला भाग उरकण्यात न घालविता (ही सवय किती शाळांत आहे हे आपण सर्व जाणतो) वर्षातून दोनदा या नोंदी घ्याव्यात. मात्र आकडे वाचताना सावध असावे. एकाच इयत्तेतील दोन मुलांत दहा-अकरा महिन्यांचे अंतर असू शकते, आणि या वयात तेवढ्याने ताकदीत मोठा फरक पडतो. थोराड मुलगा आज पुढे दिसतो. पण वयाने लहान असून त्याच्या पाठोपाठ पोहोचणारी मुलगी अधिक गुणी असण्याचा संभव असतो. म्हणून नोंदीपुढे जन्मतारीख लिहावी, आणि एका दिवसाच्या वेळेपेक्षा सहा महिन्यांतील प्रगती पाहावी.

जन्मतारखेचे महत्त्व दुसऱ्याही कारणाने आहे. शालेय क्रीडास्पर्धांतील १४, १७ व १९ वर्षांखालील गट तिच्यावरच ठरतात. जनरल रजिस्टरातील तारीख व जन्मदाखला यांत तफावत असल्यास ऐन स्पर्धेच्या वेळी मूल बाद होते. ही तपासणी प्रवेशाच्या वेळीच करावी. निवडचाचण्यांच्या तारखांविषयी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे शाळेने आपण होऊन विचारणा करावी. परिपत्रक वाडीवर पोहोचेपर्यंत मुदत टळून जाते, हा नित्याचा अनुभव आहे.

पुढील टप्प्यांवर साहाय्य आहे. २०१८ पासून खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूस प्रशिक्षणाव्यतिरिक्त दरमहा १०,००० रुपये हातखर्च देण्याची तरतूद झाली. राज्याच्या सेवेत पात्र खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. पुढे शासनाने त्यांना उपजिल्हाधिकारीपदी नेमले.

पालकांना या गोष्टी अवश्य सांगाव्यात, परंतु नोकरीचे आमिष म्हणून नव्हे. निवड झालेली सर्वच मुले तेथवर जात नाहीत, हेही त्याच बैठकीत सांगावे. मुलीच्या बाबतीत आईवडिलांचा पहिला प्रश्न पैशाचा नसतो. ती राहणार कोठे, तिच्याजवळ कोण असणार, शाळा सुटणार तर नाही ना, असे ते विचारतात. त्यांचे समाधान कागदाने होत नाही. शक्य तर शिक्षकाने अथवा शिक्षिकेने पालकांसमवेत एकदा तेथवर जावे आणि मुलींचे निवासस्थान, भोजनगृह व तिचे नाव घालावयाची शाळा त्यांना प्रत्यक्ष दाखवावी.