मुंबई ते न्यूयॉर्क : माझा भागाकार कुठे चुकला?

गेल्या ऑगस्टमध्ये माझी ताई एम.एस.साठी न्यूयॉर्कला गेली. थेट विमान, रात्री दीडला सुटणारं. आजीने विचारलं, "पोचेल किती वाजता रे?" मी पडलो इंजिनिअरिंगचा! लगेच भागाकार केला. अंतर १२,५४० कि.मी., वेग ताशी ९०० कि.मी., म्हणजे चौदा तास. "दुपारी साडेतीनला फोन येईल," असं ठोकून दिलं. फोन आला पावणेसातला. मधले सव्वातीन तास आजी फोनजवळून हलली नाही. तेव्हाच ठरवलं, हा हिशोब नीट शिकायचा.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशात पट्टीने रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. त्या रेघेने अंतर भरतं सुमारे १४,२०० कि.मी. पण पृथ्वी गोल आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून बघा, तो रशिया, नॉर्वे, आइसलंड असा वर चढतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, ग्रेट सर्कल. सूत्र सोपं आहे :

कॉस (कोन) = साइन अ१ × साइन अ२ + कॉस अ१ × कॉस अ२ × कॉस (रेखांशांतला फरक)

अ१, अ२ म्हणजे दोन्ही शहरांचे अक्षांश : १९.१ आणि ४०.६. रेखांशांतला फरक १४६.७ अंश. कोन येतो ११२.८ अंश. एका अंशाला १११.२ कि.मी., म्हणून १२,५४० कि.मी. म्हणजे माझं अंतर बरोबर होतं!

चुकलं ते पुढे. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना सरासरी ८० कि.मी.चा वारा समोरून आला असं धरू. वेग उरतो ८२०, वेळ १५ तास १८ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९८०, वेळ १२ तास ४८ मिनिटं. गंमत म्हणजे जाऊन-येऊन हिशोब फिटत नाही. वारा नसता तर २७ तास ५२ मिनिटं लागली असती, आता २८ तास ६ मिनिटं. कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. (व्हायवाला विचारतील, लक्षात ठेवा.)

शिवाय धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरण्याआधी रांगेत थांबणं. त्यात एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली तर वळसा पडतो. २०१९ मध्ये पाकिस्तानने ती काही महिने बंद ठेवली होती.

शेवटी घड्याळ. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. ताई उतरली तिथल्या सकाळी पावणेआठला. तिकिटावर रात्री दीड ते सकाळी पावणेआठ, म्हणजे वाटतं सव्वासहा तासांचाच प्रवास! खरे लागले पावणेसोळा तास. नंतरचा दीड तास इमिग्रेशनची रांग आणि सामान यात गेला.

वर्कशॉपमध्ये टॉलरन्स न लिहिता ड्रॉइंग दिलं तर सर ते परत करतात. आजीला मी टॉलरन्सशिवाय उत्तर दिलं होतं. ताई सुट्टीला आली तेव्हा मी दोन वेळा सांगितल्या, लवकरात लवकर आणि उशिरात उशिरा. आजी त्या दिवशी वेळेवर जेवली.