टाकीवरचा दिवा नेमका कोणासाठी?

चि. सोहम,

खाऱ्या पाण्याची टाकी लावलीस, क्लाउनफिशची जोडी आणि एक यलो टँग आणलास, हे ताईकडून कळलं. टँग फिका पडलाय आणि दुकानदाराने त्यावर उपाय म्हणून महागडा निळा एलईडी गळ्यात मारायचं ठरवलंय, हेही कळलं. पैसे मोजण्याआधी एवढं पत्र वाचून घे.

समुद्राचं पाणी उजेडातला लाल भाग सगळ्यात आधी शोषून घेतं. दहा-पंधरा मीटर खाली गेलं की लाल जवळजवळ संपतो, त्यानंतर नारिंगी आणि पिवळा ओसरतात. निळा मात्र खोलवर पोचतो. मालवणला स्कूबा करून आलेल्यांचे फोटो हिरवट-निळे येतात ते कॅमेऱ्याच्या दोषामुळे नव्हे. लाल उजेड खोलवर पोचत नाही म्हणूनच तिथले पुष्कळ मासे लालभडक असतात. तिथे लाल रंग काळपट दिसतो, म्हणजे लपायला उत्तम.

सागरी टाक्यांचे दिवे निळे असण्याचं मूळ इथे आहे. भर दुपारचं ऊन साधारण साडेपाच हजार केल्विनचं धरतात. या दिव्यांवर दहा हजार, वीस हजार असे आकडे छापलेले असतात; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळा. पण ती निळाई मुख्यतः प्रवाळांसाठी. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर प्रवाळाचं पोट चालतं. माशाचं पोट दिव्यावर चालत नाही. शिवाय आपल्याकडे खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढून आणलेलं प्रवाळ कोणी स्वस्तात देऊ लागला तर त्याला लांबूनच नमस्कार कर. तुझ्या टाकीत नुसते मासे आहेत. मग प्रवाळाचा दिवा कशाला?

आता टँगकडे येऊ. पिवळा मासा पिवळा दिसायचा तर दिव्यात पिवळा उजेड हवा. नुसत्या निळ्या दिव्याखाली तो हिरवट, मळकट दिसेल. म्हणजे दुकानदाराच्या उपायाने दुखणं वाढेल. दिव्याने मुळात त्याच्या कातडीत पिवळा रंग तयार होत नाही. माशांच्या अंगावरचे पिवळे, नारिंगी, लाल रंग बहुतांशी कॅरोटिनॉइडचे असतात आणि ते माशाच्या शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावे लागतात. हवाईच्या किनाऱ्यावर हाच टँग दिवसभर खडकावरचं शैवाल खरवडत असतो. तू त्याला काय घालतोस? फक्त गोठवलेली कोळंबी असेल, तर आधी तिथे सुधारणा कर. सुशीसाठी वापरतात तो नोरीचा कागद, बिनमिठाचा आणि बिनमसाल्याचा, क्लिपने काचेला लावून ठेव. फरक दिसायला काही आठवडे लागतील, धीर धर.

निळ्या रंगाचा मामला वेगळा आहे. बहुतेक निळ्या माशांत निळं रंगद्रव्य नसतंच. कातडीतल्या पेशींमध्ये ग्वानिनच्या स्फटिकांचे पातळ थर असतात आणि त्यांच्यावरून परतणारा उजेड आपल्याला निळा दिसतो. (मँडरिन मासा याला अपवाद, त्याच्या पेशींत खरोखरचं निळं रंगद्रव्य असल्याचं जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं.) छोट्या निळ्या डॅमसेलमध्ये या थरांमधलं अंतर बदलतं. घाबरली की ती बघता बघता काळवंडते, निवांत झाली की पुन्हा झळाळते. असा मासा सतत काळपट दिसू लागला तर दिवा बदलू नये; त्याला कोण छळतंय ते आधी पाहावं.

टँग फिका असण्याचं आणखी एक कारण तुझ्या टाकीच्या फोटोतच दिसतंय. पांढरीशुभ्र वाळू, मागची काच उघडी आणि वरून डोळे दिपवणारा दिवा. मासा भोवतालचा उजळपणा डोळ्यांनी टिपतो आणि त्याप्रमाणे अंगावरचा रंग सांभाळतो. गडद पेशींमधले कण आखडले की काही मिनिटांत अंग फिकं पडतं. महिनोन्‌महिने तसंच चाललं तर त्या पेशीही कमी होऊ लागतात. मागच्या काचेला बाहेरून काळा किंवा गडद निळा कागद चिकटव. दिव्याचा जोर कमी कर. दोन-चार दगड असे रच की खाली सावलीची कपार तयार होईल. पुढेमागे सोल्जरफिश किंवा लायनफिश आणलास तर त्या कपारीवाचून त्यांचं चालायचंच नाही. सोल्जरफिश तर रात्री वावरणारा मासा, त्याचे ते मोठाले डोळे काळोखासाठीच आहेत.

मध्यरात्री पाणी प्यायला उठलास आणि टाकीत डोकावलास तर घाबरू नकोस. झोपेत यलो टँगचा पिवळा उतरतो, कुशीवर तपकिरी डाग उमटतो आणि मधून एक पांढरी पट्टी जाते. नवखे लोक हे बघून मासा आजारी पडला म्हणून खाडकन दिवा लावतात. तिथे खरी गडबड होते. माशाला पापण्या नसतात. बहुतेक हाडांच्या माशांची बाहुलीही आपल्यासारखी आकसत नाही. त्यांच्या डोळ्यात उजेडाशी जुळवून घेण्यासाठी पडद्यावरच्या पेशी प्रत्यक्ष पुढेमागे सरकतात आणि त्याला अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. तोवर तो मासा आंधळाच. दचकून काचेवर आपटतो, नाहीतर उसळून थेट फरशीवर. रॅस (wrasse) कुळातले काही मासे रात्री वाळूत पुरून घेतात, काही पोपटमासे अंगाभोवती चिकट कोष विणून झोपतात. रात्र त्यांच्या हिशेबात इतकी महत्त्वाची आहे.

तेव्हा नव्या दिव्याऐवजी टायमर घे. दिवसाला आठ ते दहा तास उजेड पुरे, त्याहून जास्त ठेवलास तर काच घासता घासता तूच थकशील. सकाळी आधी पडदा उघडून खोलीत उजेड येऊ दे, मग अर्ध्या तासाने टाकीचा दिवा. रात्री उलट क्रम. मंद-तेज करता येणारा साधा पांढरा-निळा एलईडी असला की हे आपोआप होतं. टाकीवर जाळीचं झाकण मात्र हवंच, कारण दिवे अचानक गेले तरी मासा तसाच दचकतो.

माशांना दिसतं ते सगळं आपल्याला दिसतं असंही नाही. अंबॉन डॅमसेल आणि तिची लिंबूपिवळी जातबहीण आपल्याला सारख्याच वाटतात. त्यांच्या चेहऱ्यावरची नक्षी अतिनील उजेडातच दिसते आणि तिच्यावरून त्या आपला-परका ओळखतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये सिद्ध केलं. पण हे वाचून अतिनील दिवा आणायला धावू नकोस. बाजारात मिळणारा यूव्ही दिवा जंतू मारण्यासाठी असतो, बंद नळीत बसवायचा. उघड्यावर लावलास तर माशांचे आणि तुझेही डोळे भाजतील.

क्लाउनफिशची जोडी जमली असेल तर कधीतरी दगडावर नारिंगी अंड्यांचा थर दिसेल. नर पंख हलवून त्यांना वारा घालत राहील. हळूहळू अंड्यांत चंदेरी डोळे चमकू लागतील आणि साधारण आठवड्याने, अंधार पडल्यावर, पिल्लं बाहेर येतील. अंधार पडला तर! ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात क्लाउनफिशच्या काही अंड्यांवर रात्रभर मंद उजेड ठेवला होता. त्यातलं एकही अंडं फुटलं नाही. उजेड काढल्यावर मात्र फुटली. तुमच्या हॉलमधली ट्यूब बाबांच्या बातम्या संपेपर्यंत, म्हणजे बारापर्यंत चालू असते. त्या आठवड्यात टाकीवर जाड चादर टाक, हवा खेळायला वरून फट ठेव आणि बाबांना टीव्ही आतल्या खोलीत बघायला सांग. ऐकले नाहीत तर मला फोन कर, मी बोलतो त्यांच्याशी.

ताईला आणि भावोजींना नमस्कार.

तुझा,
मामा