ॲम्प्लिफायरला फ्यूज किती अँपिअरचा?

जामसंड्यात कार ऑडिओचं काम सुरू करताय? मग हे आधी डोक्यात बसवा: बॅटरीजवळचा फ्यूज मुळात वायरला वाचवतो. वायर घासून बॉडीला टेकली आणि फ्यूज उडाला नाही, तर वायर पेटणार, तीही गिऱ्हाइकाच्या गाडीत.

ॲम्प्लिफायरवर २५ अँपिअरचे दोन फ्यूज असतील तर मुख्य फ्यूज ५० चा, वायर १६ चौरस मिलिमीटरची, अस्सल तांब्याची. तांब्याचा नुसता मुलामा असलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त वायरला करंट कमी झेपतो. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. खोक्यावरचे '२००० वॅट' बघून हिशोब करू नका, तो आकडा बऱ्याचदा फुगवलेला असतो.

फ्यूज सारखा उडतोय म्हणून गिऱ्हाईक म्हणेल, "१०० चा टाक रे!" सरळ नाही म्हणा, शॉर्ट शोधा. आपल्या खाऱ्या हवेत होल्डरही गंजतो, तो उघडून बघा.