ताऱ्याच्या प्रभेत लपलेला ग्रह
(सामान्य विज्ञान, इयत्ता सातवी : शिक्षकांसाठी टिपण)

‘इतर ताऱ्यांनाही ग्रह असतात काय?’ हा प्रश्न वर्गात हमखास निघतो. ‘होय, असतात’ एवढ्या उत्तराने मूल गप्प बसते, परंतु त्याचे समाधान होत नाही. ते कशावरून कळले, हे सांगितले पाहिजे. असे बहुतेक ग्रह ताऱ्याच्या प्रकाशातील किंचित घटीवरून किंवा त्याच्या डोलण्यावरून ओळखले गेले. प्रत्यक्ष छायाचित्रात सापडलेले फार थोडे. त्यांतील एक उदाहरण येथे घेतले आहे.

पूर्वा भाद्रपदा नक्षत्राच्या दोन ताऱ्यांच्या जवळजवळ मध्यावर एचआर ८७९९ हा तारा आहे. काळोख्या रात्री तीक्ष्ण नजरेस तो जेमतेम दिसतो. अंतर सुमारे १३० प्रकाशवर्षे. ख्रिस्तियान मारोआ व त्यांचे सहकारी यांनी हवाई बेटावरील केक व जेमिनी या दुर्बिणींनी त्याचे तीन ग्रह टिपले व २००८ साली ते जाहीर केले. चौथा २०१० साली मिळाला. तारा अवघा काही कोटी वर्षांचा असल्याने हे ग्रह अद्याप तप्त आहेत व त्यांचे अवरक्त किरण आपणांस टिपता येतात. गुरूसारखा थंड झालेला ग्रह दुरून सूर्यापेक्षा सुमारे शंभर कोटी पटींनी मंद दिसेल!

तरीही खरी अडचण पुढेच आहे. दुर्बिणीच्या आरशांतील सूक्ष्म दोषांमुळे ताऱ्याभोवती प्रकाशाचे असंख्य ठिपके उमटतात, आणि त्यांतील प्रत्येक ठिपका ग्रहासारखाच दिसतो. त्यांची निवड कशी करावी? दुर्बीण ताऱ्याचा पाठलाग करीत असता तिच्या दृष्टीने आकाशाचे चित्र सावकाश फिरते. एरवी ते स्थिर ठेवणारे यंत्र येथे मुद्दाम थांबवितात. मग आरशांचे ठिपके जागच्या जागी राहतात, ग्रह मात्र ताऱ्याभोवती सरकतो.

हे वर्गात करून दाखवावे. पतंगाचे पाच पांढरे कागद घ्यावेत. प्रत्येकावर मध्यबिंदूभोवती तेच दहा-बारा ठिपके त्याच जागी काढावेत. आणखी एक फिकट ठिपका मात्र दर कागदावर वर्तुळाकार थोडा पुढे सरकवावा. कागद एकावर एक ठेवून मधोमध टाचणी खोचावी. जे ठिपके तंतोतंत जुळतात ते दुर्बिणीचे. संगणक तेवढे वजा करतो. आता प्रत्येक कागद त्याच्या त्याच्या मानाने उलट फिरवावा. फिकट ठिपके एकत्र येऊन ठळक होतात, बाकीचे विखुरतात. मुलांना हे फार आवडते.

तथापि ठिपका खरा ठरला तरी तो ग्रहच, असे नव्हे. मागचा एखादा दूरचा तारा असू शकेल. म्हणून तो मूळ ताऱ्यासोबत आकाशात सरकतो काय, त्याच्याभोवती फिरतो काय, हे वर्षानुवर्षे पाहावे लागते. २००८ सालीच फोमलहॉट ताऱ्याचाही एक ग्रह जाहीर झाला होता. तो पुढे फिका होत होत २०१४ च्या चित्रांत दिसेनासा झाला. ती टकरीतून उडालेली व पसरत गेलेली धूळ असावी, असा निष्कर्ष २०२० साली निघाला.

एचआर ८७९९ ची गोष्ट याच्या उलट घडली. हबल दुर्बिणीने त्या ताऱ्याचे चित्र १९९८ सालीच घेतले होते. इतर अनेक ताऱ्यांच्या चित्रांवरून त्याच्या प्रभेचा नमुना रचून तो २००९ साली वजा केला, तेव्हा त्यात एक ग्रह आढळला. २०११ साली तीन आढळले. दहा वर्षे ते चित्र संग्रहात तसेच पडून होते.