पॉइंट नव्हे, घरं मोजा

टीव्हीवर जाहिरात द्यायला निघालेल्या दुकानदारापुढे पहिला आकडा ठेवला जातो तो जीआरपीचा, म्हणजे ग्रॉस रेटिंग पॉइंटचा. आकडा मोठा दिसला की प्लॅन भक्कम वाटतो आणि सही होते. माझं सांगणं असं की सहीआधी एक प्रश्न विचारा : या पैशात किती वेगवेगळी घरं जाहिरात पाहतील, आणि कोणती घरं सुटतील? मी भिलाईच्या सेक्टर १० मध्ये राहतो आणि दुर्ग, भिलाई, राजनांदगाव पट्ट्यातल्या व्यापाऱ्यांच्या जाहिरातींचं काम करतो. हा प्रश्न न विचारल्यामुळे वाया गेलेला पैसा मी जवळून पाहिला आहे.

फ्रिज, वॉशिंग मशीन विकणारं सुपेल्यातलं एक दुकान. दसऱ्याच्या आधी स्टील प्लांटचा बोनस होतो आणि टाउनशिपमधली मोठी खरेदी त्याच काही दिवसांत उरकते, म्हणून मालकांनी वर्षभराचं जाहिरातीचं बजेट तिथेच लावलं. प्लॅन बाहेरगावच्या एजन्सीने केला होता, माझ्याकडे बॅनर आणि पत्रकं होती. कागदावर सगळं चोख होतं : जीआरपी भरपूर, पॉइंटमागे पडणारा दर कमी. दसरा उलटला. येणारे लोक ‘टीव्हीवर पाहिलं’ म्हणत होते, पण त्यातले बहुतेक जुनेच गिऱ्हाईक. पाटण, धमध्याकडच्या खेड्यांतली माणसं तर जवळजवळ आलीच नाहीत. मालक म्हणाले, “दादा, इतना चला टीवी पे, फिर भी नया आदमी नहीं आया.”

मग आम्ही दोघांनी गल्ल्यामागच्या टेबलावर प्रक्षेपणाचा लॉग पसरला आणि ओळ न् ओळ वाचली. तारीख, वेळ, चॅनेल, ब्रेकमधली जागा. निम्म्याहून जास्त पैसा प्रादेशिक बातम्यांच्या दोन चॅनेलांवर गेला होता, तोही संध्याकाळच्या एकाच वेळी. चॅनेलकडून बोनस म्हणून फुकट मिळालेले स्पॉट पाहिले, तर त्यातले कितीतरी मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे लागलेले. एकच माणूस रिमोट घेऊन या बातम्यांवरून त्या बातम्यांवर जात होता आणि दोन्हीकडे आमचीच जाहिरात पाहत होता.

इथे जीआरपीचं गणित समजून घ्यायला हवं. शंभर घरांपैकी किती घरांनी जाहिरात निदान एकदा पाहिली, ती झाली पोहोच. त्या घरांनी ती सरासरी किती वेळा पाहिली, ती वारंवारता. दोन्हींचा गुणाकार म्हणजे जीआरपी. तीस टक्के घरांनी दहा वेळा पाहिली तरी ३००, आणि साठ टक्के घरांनी पाच वेळा पाहिली तरी ३००. आकडा तोच, पण दुसऱ्या प्लॅनमध्ये दुप्पट घरं आली. त्यामुळे नुसत्या जीआरपीवरून प्लॅन चांगला की वाईट ते कळत नाही.

चॅनेलांचीही बेरीज होत नाही. समजा एक चॅनेल शंभरातली ४० घरं गाठतं आणि दुसरं ३०. दोन्ही घेतले म्हणजे ७० झाली असं नाही. प्रेक्षक आपापले स्वतंत्र असतील तरी सुमारे १२ घरं दोन्हीकडे सापडतात आणि हाती येतात ५८. दोन्ही चॅनेल एकाच धाटणीचे असतील तर ही सरमिसळ आणखी वाढते. एकाच कार्यक्रमात आठवा-नववा स्पॉट टाकला तर नवं घर क्वचितच मिळतं, जुन्याच घराला आणखी एकदा दिसतं. म्हणून दुसरं चॅनेल निवडताना ते किती मोठं आहे यापेक्षा पहिल्याहून किती वेगळं आहे ते आधी पाहा.

आता हे आकडे येतात कुठून? टीव्ही कोण पाहतं ते बार्क ही संस्था मोजते. देशभरातल्या निवडक घरांत मीटर बसवलेले असतात. चॅनेलांच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर टिपतो, आणि घरातलं कोण पाहतंय ते बटण दाबून नोंदवलं जातं. बार्कची साप्ताहिक आकडेवारी २०१५ पासून येते. ही पद्धत नमुन्याची आहे, आणि नमुना जितका बारीक कापाल तितका आकडा डळमळतो. बातम्यांच्या चॅनेलांचे आकडे बार्क २०२२ पासून चार आठवड्यांच्या सरासरीने देते. आपणही एका आठवड्याच्या आकड्यावर चॅनेल निवडू नये, निदान चार आठवडे पाहावेत.

आमच्यासाठी पेच आणखी वेगळा आहे. बार्कच्या आकड्यांत मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एकच बाजार धरला जातो. २०११ च्या जनगणनेत दुर्ग-भिलाईनगर नागरी समूहाची लोकसंख्या १०.६४ लाख होती. म्हणजे मोठ्या शहरांच्या गटात इंदूर, भोपाळ, जबलपूर, ग्वाल्हेर, रायपूर यांच्याच पंक्तीत आम्ही बसतो, आणि त्या गर्दीत भिलाईचा आवाज ऐकू येत नाही. इंदूरमध्ये चालणारा कार्यक्रम सेक्टर १० मध्ये चालेलच असं नाही.

सेक्टर १० मधल्या क्वार्टरांच्या एका रांगेत संध्याकाळी फेरी मारा. एका खिडकीतून तेलुगू मालिका ऐकू येते, शेजारून बंगाली, पुढे आमच्यासारख्यांकडे मराठी, पलीकडे हिंदी. देशभरातून माणसं प्लांटमध्ये आली आणि आपापली भाषा घेऊन आली. हिंदी प्रदेशाच्या प्लॅनमध्ये यांतली कितीतरी घरं धरलेलीच नसतात. शिवाय प्लांट चालतो पाळ्यांवर : सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री आठ ते दहाच्या प्राइम टाइमला घरी नसतो. दुपारी अकरा ते एक मात्र जेवणाआधी तो टीव्हीसमोर सापडतो. प्राइम टाइमच्या एका स्पॉटच्या पैशात दुपारचे कितीतरी स्पॉट येतात, आणि ते ज्या घरात पोहोचतात ते घर अजून आपल्या हिशेबात आलेलं नसतं.

गावाकडची गोष्ट निराळी. तिथे बऱ्याच घरांत दूरदर्शनची फ्री डिश आहे, दरमहा पैसे न भरता चालणारी. स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते, सोनी पल हे चॅनेल मार्च २०१९ मध्ये फ्री डिशवरून गेले, २०२० मध्ये परतले आणि एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेले. चॅनेलचं नाव तेच राहिलं, पण खेड्यातली पोहोच एका रात्रीत बदलली. जुना प्लॅन नव्या वर्षी तसाच उचलणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. आज कोणतं चॅनेल फ्री डिशवर आहे ते प्रत्येक मोहिमेआधी तपासा.

किती वेळा दाखवायचं, यावर तीनचा आकडा सगळीकडे ऐकू येतो. जनरल इलेक्ट्रिकमधल्या हर्बर्ट क्रुगमन यांनी १९७२ मध्ये तो मांडला. पण त्यांचा रोख पाहणाऱ्याच्या मनातल्या तीन टप्प्यांवर होता : हे काय आहे, मला याचा काय उपयोग, आणि मग आठवण. प्रत्येक घरावर तीन स्पॉट मारा असा त्याचा अर्थ नाही. पुढे १९९० च्या दशकात अर्विन एफ्रॉन यांनी वेगळी बाजू लावून धरली : खरेदीच्या तोंडावर एकदा दिसणंही कामाचं असतं, म्हणून पैसा जास्तीत जास्त घरांवर आणि जास्तीत जास्त आठवड्यांवर पसरा. नवं दुकान, नवं नाव असेल तर थोडी पुनरावृत्ती लागतेच. जुन्या, ओळखीच्या दुकानासाठी मात्र मला एफ्रॉन यांचं म्हणणं जास्त पटतं.

आणि खरेदीची वेळ सगळ्यांची एक नसते. टाउनशिपमध्ये बोनस दसऱ्याआधी येतो. पाटण, धमधा, गुंडरदेहीकडे हातात पैसा येतो तो धानाची खरेदी सुरू झाल्यावर, हिवाळ्यात. आमच्या दुकानाचं सगळं बजेट दसऱ्याला संपलं होतं, तेव्हा शेतकऱ्याचं धान शेतात उभं होतं.

पुढच्या वर्षी मालकांनी बजेट तेवढंच ठेवलं आणि मांडणी बदलली. बातम्यांचं एकच चॅनेल ठेवलं. वाचलेल्या पैशातून दुपारचे स्पॉट, स्थानिक केबलवरचा चित्रपट आणि फ्री डिशवरचं एक चॅनेल घेतलं. त्या चॅनेलवर जाहिरात फक्त आपल्या भागात दाखवण्याची सोय नव्हती आणि पैसे बाहेरच्या प्रेक्षकांचेही पडत होते, म्हणून तिथे थोडेच स्पॉट घेतले. रकमेचा एक हिस्सा हिवाळ्यासाठी राखला. गल्ल्यावर एक वही ठेवली : गिऱ्हाईक कुठून आलं, घरी केबल आहे, डिश आहे की फ्री डिश, टीव्ही कधी लावतात. जानेवारीत त्या वहीत धमध्याकडच्या गावांची नावं दिसू लागली. मालकांना पटवायला मला वेगळा रिपोर्ट दाखवावा लागला नाही.

तुमच्या शहराला लागू पडेल असं थोडक्यात सांगतो. प्लॅन हाती आला की जीआरपीच्या शेजारी निदान एकदा पाहणाऱ्यांची आणि तीनदा पाहणाऱ्यांची टक्केवारी लिहून मागा. राज्याच्या आकड्यासोबत आपल्या गावची वही ठेवा, कारण गिऱ्हाईक जे सांगतं ते मीटरमध्ये येत नाही. बोनस स्पॉट कोणत्या वेळात लागतील ते रिलीज ऑर्डरमध्येच नमूद करून घ्या. बिल चुकवण्याआधी प्रक्षेपणाचं प्रमाणपत्र लॉगशी ताडून पाहा. पहिल्या आठवड्याचा लॉग आला की उरलेले स्पॉट हलवायची मोकळीक करारात ठेवा. एका तासात जाहिरातींना बारा मिनिटांचीच मर्यादा आहे, त्यातली दोन चॅनेलच्या स्वतःच्या प्रसिद्धीची. सणाच्या दिवसांत जागा भरते आणि दर चढतात, म्हणून बुकिंग लवकर करा.

आणि प्लॅन करणाऱ्याकडून शेवटचं पान मागा : या पैशात कोणती घरं सुटतात, आणि त्यांच्यापर्यंत जायला आणखी किती लागेल. जो माणूस हे पान न मागता देतो, त्याच्याकडेच पुढच्या वर्षीचंही काम द्या.