नाव पुसलेल्या मोटारीचा विद्युत्-दाब

विजेवर चालणाऱ्या यंत्राच्या अंगावर बहुधा एक लहानसा पत्रा जडवलेला असतो व ते यंत्र किती व्होल्टचे आहे हे त्यावर लिहिलेले असते. होडीच्या मोटारीवरचा हा पत्रा मात्र उन्हापाण्याने लवकर नाहीसा होतो. अशी जुनी मोटार हाती आली, की ती १२ व्होल्टची, २४ ची, की ३६ ची, असा प्रश्न पडतो. कारण लहान होड्यांच्या मोटारी बहुतेक याच तीन दाबांच्या असतात. शिशाच्या एका विद्युत्घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट असतो. असे सहा घट असलेली बॅटरी १२ व्होल्टची होते, आणि तशा दोन किंवा तीन बॅटऱ्या एकीपुढे एक जोडल्या, की २४ किंवा ३६ व्होल्ट मिळतात. निवड चुकली तर मोटार जळते. आणि ती भर नदीत जळली, तर वल्ही न घेता गेलेल्या माणसाची काय अवस्था होईल, ते सांगावयास नको.

याकोबी याने १८३८ साली सेंट पीटर्सबर्ग येथे नेवा नदीवर विजेची नाव चालवली, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारलाच नसता. व्होल्ट हे माप सर्वमान्य झाले ते १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्-परिषदेत. त्याच वर्षी त्याच शहरात गुस्ताव्ह त्रूव्हे याने सेन नदीवर विजेची होडी चालवून दाखवली, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

पुष्कळांना वाटते, की मोटार बाकावर ठेवून २४ व्होल्टला जोडावी. नीट फिरली तर ती २४ ची. ही परीक्षा फसवी आहे. चुंबकांच्या मध्ये फिरणारे आर्मेचर स्वतःही वीज उत्पन्न करते आणि तिचा दाब बॅटरीच्या दाबाला विरोध करतो. वेग वाढेल तसा हा विरोधी दाब वाढतो. बाकावर मोटारीला काहीच काम नसते, म्हणून विरोधी दाब बॅटरीच्या दाबाजवळ पोहोचेपर्यंत तिचा वेग वाढतो व प्रवाह अगदी थोडा लागतो. त्यामुळे १२ व्होल्टची मोटारही २४ वर जवळजवळ दुप्पट वेगाने, तक्रार न करता फिरते.

पाण्यात गोष्ट निराळी. पंख्याचा वेग दुप्पट झाला, की त्याला फिरवण्यास चौपट जोर लागतो. जोर चौपट म्हणजे प्रवाह चौपट. आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने ती सोळापट होते! प्रत्यक्षात तारेच्या रोधामुळे हे आकडे काहीसे कमी भरतात, परंतु गुंडाळीवरील लाखेचा थर जळण्यास तेवढे पुरेसे असते. उलट २४ ची मोटार १२ वर लावली, तर ती मंद फिरते एवढेच. म्हणून परीक्षेचा आरंभ नेहमी सर्वांत कमी दाबाने करावा.

त्याआधी झाकण उघडून पाहावे. आत वेग बदलण्याची इलेक्ट्रॉनिक पट्टी असेल, तर तिच्यावरील नळकांड्यासारख्या कपॅसिटरांवर व्होल्टचा आकडा छापलेला असतो. तो वरची मर्यादा दाखवतो. २४ व्होल्टच्या बॅटऱ्या भरत आल्या, की त्यांचा दाब २८ च्याही वर जातो. तेव्हा मुख्य तारांना लागून असलेल्या कपॅसिटरवर १६ किंवा २५ आढळल्यास मोटार १२ व्होल्टचीच समजावी. अशी पट्टी असलेली मोटार कमी दाबावर मुळीच न फिरण्याचाही संभव असतो; तेवढ्यावरून ती बिघडली असे मानू नये.

पट्टी नसेल, तर होडी धक्क्याला घट्ट बांधावी, पंखा पाण्यात पूर्ण बुडवावा, आणि फ्यूज व अँमीटर घालून १२ व्होल्ट द्यावेत. भरत्या बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने पेटतो. यासाठी शेवटचा सांधा बॅटरीपासून दूर जोडावा. पंख्याजवळ हात नेऊ नये. मोटार चालू असतानाच तिच्या टोकांशी व्होल्टमीटर लावावा, कारण बारीक तारेत दोन-तीन व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि चांगली मोटार उगाच दुबळी ठरते.

पाणी जोराने मागे फेकले जात असेल व प्रवाह ३० अँपिअर किंवा त्याहून अधिक असेल, तर तेथेच थांबावे. मोटार १२ ची आहे. तार जाड असूनही पाणी जेमतेम हलत असेल आणि प्रवाह आठ-दहा अँपिअरच असेल, तर ती वरच्या दाबाची असण्याचा संभव मोठा. तरी एकदम २४ वर जाऊ नये. सहा व्होल्टची बॅटरी जोडून १८ करावेत, काही मिनिटे चालवून तारांची ऊब हाताने पाहावी आणि मगच पुढे जावे. दाब निश्चित झाल्यावर तो आकडा, धन व ऋण टोकांच्या खुणांसह, तेलरंगाने मोटारीच्या डोक्यावर लिहून ठेवावा.