घरातील दिव्यांची निवड : एक व्यवहारपाठ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. त्या वेळी वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. स्वस्त आणि मुबलक विजेवाचून देशाचे औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळाची स्थापना याच काळात झाली. गावकुसाबाहेरच्या अनेक वस्त्यांत मात्र विजेचा खांब उशिरा पोहोचला. म्हणूनच घरात आलेली वीज आपण कशी वापरतो, हा प्रश्न आम्हाला क्षुल्लक वाटत नाही.

आज आपल्या समाजातील अनेक कुटुंबे एका खोलीतून दोन-तीन खोल्यांच्या घरात आली आहेत. नव्या घराबरोबर मोबाइलवरून चालणारे, रंग बदलणारे ‘स्मार्ट’ दिवेही येऊ लागले आहेत. जाहिरात सांगते म्हणून किंवा शेजाऱ्याने घेतले म्हणून ते घ्यावेत काय? केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, स्वतः पारखा, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. तीच कसोटी येथे लावू.

पहिली गोष्ट होल्डरची. आपल्याकडील घरांत बहुधा दोन पिनांचा होल्डर असतो. त्याला बी-२२ म्हणतात. टेबलदिव्यांत व टांगत्या दिव्यांत आट्यांचा ई-२७ आणि लहान झुंबरांत त्याहून बारीक आट्यांचा ई-१४ आढळतो. छतातील लहान स्पॉटलाइटला अनेकदा जीयू-१० लागतो. अनेक स्मार्ट दिवे एकाच मापात मिळतात; म्हणून जुना दिवा काढून, त्यावरील माप वाचून मगच दुकानात जावे. दिवा बदलताना बटण बंद असावे, हे लहानांनाही शिकवावे.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. वॅट हे प्रकाशाचे माप नाही. तो विजेचा वापर आहे. प्रकाश ल्युमेनमध्ये मोजतात. जुना ६० वॅटचा पिवळा दिवा सुमारे ७०० ते ८०० ल्युमेन प्रकाश देत असे. तेवढाच प्रकाश आज ९ वॅटचा एलईडी देतो. रोज पाच तासांच्या हिशेबाने जुना दिवा वर्षाला सुमारे ११० युनिट वीज घेतो, तर एलईडी सुमारे १६. खोक्यावर ल्युमेनचा आकडा आणि ऊर्जाबचतीचे तारांकन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

तिसरी गोष्ट प्रकाशाच्या छटेची. ती केल्व्हिनमध्ये मोजतात. २७०० ते ३००० केल्व्हिन म्हणजे पिवळसर, ४००० च्या आसपास सौम्य पांढरा आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा. अभ्यासाला व स्वयंपाकाला ४००० ची छटा सोयीची. झोपण्याच्या खोलीत पिवळसर बरी, कारण रात्री उशिरापर्यंत निळसर प्रकाशात राहिल्याने झोप लांबते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाचा दिवा डाव्या बाजूस ठेवावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. यासाठी स्मार्ट दिव्याची मुळीच गरज नाही.

मग स्मार्ट दिवा कोठे उपयोगी? वृद्ध आईवडील रात्री उठतात त्या मार्गिकेत तो ठरल्या वेळी मंद लागू शकतो. बिछान्यावरून उठणे कठीण असलेल्या रुग्णाला तो आवाजाने किंवा मोबाइलवरून चालविता येतो. अभ्यास आणि विश्रांती एकाच खोलीत होत असेल, तर एकाच दिव्यातून दोन्ही छटा मिळतात. ही खरी गरज असल्यास तो अवश्य घ्यावा.

घेण्यापूर्वी मात्र काही बाबी तपासाव्यात. भिंतीवरील बटण बंद केले की स्मार्ट दिवा मोबाइलला प्रतिसाद देत नाही. म्हणून वसतिगृहासारख्या, अनेक हात बटणावर पडणाऱ्या जागी त्याचा उपयोग होत नाही. जुन्या डिमरच्या बटणावर तो जोडू नये. लुकलुकतो व खराब होतो. पूर्ण बंद काचेच्या डूममध्ये उष्णता कोंडून त्याचे आयुष्य घटते. बहुतेक वायफाय दिव्यांना २.४ गिगाहर्ट्झचे जाळे लागते; झिगबी पद्धतीच्या दिव्यांना वेगळे जोडयंत्र घ्यावे लागते. वीज जाऊन परत आली की अनेक दिवे आपोआप पूर्ण तेजाने लागतात. मध्यरात्री सारे घर जागे होऊ नये, यासाठी ही गोष्ट बदलण्याची सोय ॲपमध्ये आहे का, ते विचारावे. वायफायचा सांकेतिक शब्दही सोपा ठेवू नये.

आणखी एक हिशेब. स्मार्ट दिवा विझलेला असतानाही संदेशाची वाट पाहत थोडी वीज घेतो. ती अर्धा वॅट धरली, तर दिवसाच्या उरलेल्या एकोणीस तासांत वर्षाला सुमारे साडेतीन युनिट जातात. एका दिव्याला हे थोडे. दहा दिव्यांना पस्तीस युनिट.

शेवटची बाब आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या घरांतला सर्वांत तेजस्वी आणि महाग दिवा बहुधा दिवाणखान्यात असतो, पाहुण्यांसाठी. जिथे घरातील स्त्री विळीवर भाजी चिरते, तांदूळ निवडते, त्या ओट्यावर मात्र जुना, अंधूक दिवा असतो. आणि मूल जिथे पाठ करते, तो कोपरा बहुधा शिल्लक राहिलेल्या प्रकाशावर चालतो. समता ही केवळ सभेत सांगण्याची गोष्ट नाही. घरात प्रकाशाची वाटणी कशी केली, यावरूनही ती दिसते. रंगीत दिव्यावरचा खर्च टाळून ओट्यावर एक आणि अभ्यासाच्या टेबलावर एक चांगला साधा एलईडी लावता येत असेल, तर तो आधी लावावा. उरलेल्या पैशांतून पुस्तके घ्यावीत.

पालकांनी ही स्मरणिका वाचून झाल्यावर मुलांना सोबत घ्यावे, घरातील प्रत्येक दिव्याचे वॅट, ल्युमेन आणि होल्डर एका कागदावर लिहावे व वर्षाचे युनिट काढावेत. गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र यांचा एकत्र पाठ घरच्या घरी होईल.

जय भीम!